डग्ग्यावरची पावडर

आदगोंडा मास्तरांचा घसा पुन्हा कोरडा पडला. निदान ते तरी तसं म्हणाले. भजनाचा अंतरा मध्येच सोडून त्यांनी पेटीचा भाता मिटला, तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं आणि चष्म्यावरून तबलजीच्या बायकोकडे, राजमतीकडे पाहिलं. टाळकरी सतरंजीची वीण तपासू लागले. एरवी बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, या सभामंडपात चार माणसं जमली की पाचव्याची उणीदुणी निघाल्याशिवाय राहायची नाहीत. आज मात्र कुणी चकार शब्द काढेना.

तबल्यावर बसलेल्या भूपाल चौगुल्यांना, म्हणजे आण्णांना, ही शांतता बोचली. आज त्यांचा हात असा काही लागला होता की विचारू नका. डावा हात डग्ग्यावर पडला की खालचा भरदार घुमारा कानामागच्या हाडातून थेट छातीत उतरत होता. असा डग्गा त्यांनी चाळिशीत वाजवला होता, तो आता पासष्टीत परत सापडला होता. आणि ऐन रंगात या माणसाला पाणी सुचतं!

"काय मास्तर, सुपारी अडकली काय?" त्यांनी विचारलं.

"वय झालं रं, भूपाल. आजच्यापुरतं बास. उद्या बघू."

उद्या बघू, उद्या बघू करत दशलक्षण पर्व तोंडावर आलं होतं. पर्वात रोज संध्याकाळी बस्तीत भजन असायचं, आणि कित्येक वर्षांच्या खंडानंतर यंदा आण्णा पुन्हा तबल्यावर बसणार होते. सगळ्या पेठेत त्याचा बोभाटा झाला होता. घरी परतताना त्यांनी राजमतीला विचारलं, "मास्तरचं काय बिनसलंय?"

"घसाच असंल की ओ," ती म्हणाली. पण बोलताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिच्या हातात फोन होता आणि ती त्यावर काहीतरी सरकवत होती.

आण्णांचे कान मागांनी खाल्ले होते. इचलकरंजीत आज येणाऱ्याला हे सांगूनही पटत नाही. नवे माग हवेच्या झोतावर चालतात, शेडमध्ये शिरलं तरी फ्रीज चालू असल्याइतकाच आवाज येतो. पण आण्णा जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करायला, कामाला लागले तेव्हा एकेका शेडमध्ये पन्नास-पन्नास यंत्रमाग दिवसरात्र धोटे आपटत असायचे. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं. माणसं ओठ वाचायला शिकायची. आण्णांचं लग्नही, खरं सांगायचं तर, ओठांवरच जमलं. राजमती त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला यायची. अजूनही घरात पाहुणे असले की दोघं आवाज न काढता कडाकडा भांडतात, आणि पाहुण्यांना वाटतं, काय गुण्यागोविंदानं नांदतायत!

कान गेल्यावर आधी साधं मशीन आलं. बोलणं कळू लागलं, बातम्या कळू लागल्या, सुनावलेलंही कळू लागलं. तबल्याचं मात्र वाटोळं झालं. उजवा तबला कसाबसा किणकिणायचा आणि डग्गा? पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी मारावी तसा टक. आण्णांनी चार महिने सोसलं आणि एका सकाळी जोडीवर गवसणी चढवून ती माळ्यावर टाकली. त्यानंतर ते हसायचे, जेवायचे, मतदानाला जायचे, पण घरात काहीतरी बंद पडलं होतं आणि ते राजमतीला रोज दिसत होतं.

त्यांची मुलगी त्रिशला सांगलीत याच कामात आहे. लोकांना श्रवणयंत्रं बसवून देते. तिनं बापाला समजावलं होतं, "आण्णा, हे मशीन बोलण्यासाठी बनवलेलं आहे. बोलण्यातले स, त, क असे बारीक आवाज तुम्हाला ऐकू येत नाहीत, ते हे मोठे करतं. खालचा जाड आवाज कानातल्या बोंडाच्या भोकातून निघून जातो. भोक बुजवलं तर स्वतःचं बोलणं हंड्यात तोंड घातल्यासारखं घुमतं. त्यात पेटीचा लांब सूर लागला की मशीनला वाटतं, आपणच शिट्टी मारतोय, आणि ते तो सूरच कापून टाकतं."

"मग शानं मशीन बनवा की."

"तिथं दुसरी अडचण आहे. जाड आवाजाची लाट लांब असते. डग्ग्याच्या घुमाऱ्यात सेकंदाला ऐंशीच्या आसपास लाटा. त्यातल्या एक-दोन पुऱ्या पाहिल्याशिवाय मशीनला कळतच नाही हा आवाज कुठला. तेवढ्यात उशीर होतो. पापणी लवायच्या आतला उशीर, पण तबलजीला तेवढाही खपत नाही. हात पडतो आता आणि आवाज येतो मागनं."

ही अडचण ज्या यंत्रानं सोडवली त्याचं नाव मंद्र. नखाएवढी चकती कानामागे हाडाला टेकवायची, तिच्यातून जाड आवाज हाडावाटे आत जायचा. आणि उशिराचं काय? मंद्र थांबतच नसे. ते अंदाज करायचं. पुढचा ठोका कोणता, कुठं आणि किती जोरात पडणार हे आधीच ताडून घुमारा तयार ठेवायचं. त्रिशलानं मंडळाच्या जुन्या कॅसेटी, फोनवरची रेकॉर्डिंग, सगळं त्याच्या पोटात घातलं होतं. आण्णांचा डावा हात कसा चालतो हे मंद्रला आण्णांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"आई कशी तुमचं वाक्य संपायच्या आत पुरं करते? तसंच हे," त्रिशला म्हणाली.

"ती कवा कवा चुकीचं पुरं करती."

"हेही चुकतं. पण खरा आवाज आला की लगेच दुरुस्त करतं."

किती दुरुस्त करायचं, हे फोनवरच्या एका पट्टीवर ठरायचं. कंपनीनं तिला नाव दिलं होतं, भरणी. पट्टी खाली असली की मंद्र प्रत्यक्ष आलेल्या आवाजावर विसंबायचं, वर नेली की आपल्या अंदाजावर. त्रिशलानं ती खाली ठेवली आणि गरजेप्रमाणे थोडी वर करा म्हणून सांगितलं. आण्णांचं आणि फोनचं कधी जमलं नाही, तेव्हा फोन राहिला राजमतीकडे.

माळ्यावरून जोडी उतरली. बस्तीत चामडं नको म्हणून मंडळानं मध्यंतरी सगळ्या वाद्यांना नव्या काळ्या कृत्रिम पुड्या चढवल्या होत्या, आण्णांच्या जोडीलाही तशाच चढल्या. त्यांनी हाताला पावडर लावली आणि पहिला धा मारला. मग ते तसेच बसून राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि राजमती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. आठवडाभर घरात दुसरं काही वाजलंच नाही.

हे झालं मार्गशीर्षात. आता भाद्रपद लागला होता.

मधल्या काळात बारीकसारीक गोष्टी घडल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष द्यावं अशा त्या नव्हत्याच. सदऱ्याचं वरचं बटण लागता लागेना. दुधाचा पेला हातातून निसटला. डाव्या हाताला मुंग्या यायच्या, पण जॉबरच्या हाताला मुंग्या येणारच, जन्मभर पाना फिरवलेला हात तो. आण्णांनी तिकडे काणाडोळा केला. तबल्यावर बसलं की सगळं ठीक असायचं, किंबहुना दिवसेंदिवस जास्तच ठीक. डग्गा असा बोलायचा की त्यांना स्वतःचाच हेवा वाटावा.

आणि तरीही मास्तरांचा घसा कोरडा पडायचा. टाळकरी मान खाली घालायचे. आण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. या लोकांना मी नको आहे. एखादा तरणा तबलजी बघून ठेवला असेल, किंवा फोनवरचा आयता ठेका लावायचा विचार असेल, तोंडावर सांगायची छाती नाही म्हणून ही नाटकं. राजमतीला विचारावं तर ती म्हणायची, "छान वाजतोय की ओ." तिचं हे छान फार पटकन यायचं.

मास्तरांनी 'उद्या बघू' म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तालमीनंतर आण्णा नळावर पाय धूत होते. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला, मानस्तंभापाशी, मास्तर आणि राजमती बोलत उभे होते. एवढ्या लांबचं मशीनला ऐकू येणार नाही, हे मास्तरांना माहीत होतं. मास्तर शाळेत होते, शेडमध्ये नव्हते. ओठांचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मास्तरांचे ओठ म्हणत होते, "वैनी, डग्गा वाजतच न्हाई. नुसता उजवा हात ऐकू येतोय. सगळा ठेका खाली लागतोय, सम कुठं आली ते मला कळंना. गायचं कसं?"

ठेक्याचा काही भाग डग्ग्यानं भरलेला असतो, काही रिकामा. त्या रिकाम्या भागाला खाली म्हणतात. भरलेलं आणि रिकामं यांच्या आधारानं गाणारा आपली जागा ओळखतो. डग्गाच गेला तर धा चा ना होतो, आणि सगळा ठेका एकसारखा रिकामा. गाणाऱ्याच्या पायाखालची पायरीच निघते.

राजमतीचे ओठ म्हणाले, "त्यांचं कान आनखी गेल्यात ओ. सांगू नगा त्यास्नी. मी वाढवते."

आण्णांचे पाय नळाखाली तसेच राहिले. डग्गा वाजत नाही? आत्ता, या क्षणापर्यंत तो त्यांच्या छातीत वाजत होता! मास्तर खोटं बोलतोय, हे तर उघडच होतं. पण राजमती हो ला हो का करते आहे? आणि ती वाढवते म्हणजे काय वाढवते? त्यांना संताप आला, आणि संतापाच्या तळाशी भीती होती. ती त्यांनी घरी जाईपर्यंत वर येऊ दिली नाही.

सकाळी राजमती बाजारात गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. खरं-खोटं करायचंच होतं. त्यांनी दोन्ही पुड्यांवर पावडर अशी शिंपडली की दळणाच्या गिरणीतून आल्यासारख्या त्या पांढऱ्या झाल्या. हात घाम धरू नये म्हणून तबलजी पावडर लावतातच. आज जरा सढळ हातानं. मग त्यांनी डोळे मिटून भजनी ठेका धरला. आधी संथ, मग मध्यलयीत, मग दुगणीत, मग लग्गी. काय डग्गा वाजला! एकेक घुमारा पिकल्या फणसासारखा जड. मास्तरला आणि त्याच्या घशाला त्यांनी मनातल्या मनात चार शेलक्या शिव्या दिल्या, तिहाई घेतली, समेवर आले आणि डोळे उघडले.

उजव्या तबल्यावरची पावडर पार उडाली होती. शाईच्या भोवती बोटांनी रिंगण काढलं होतं.

डग्ग्यावरची पावडर होती तशीच होती. एका कडेला बोटांच्या टोकांचे दोन-चार अस्पष्ट डाग, झोपेत कुणी हात टेकवावा तसे. बाकी सगळं पांढरं, कोरं, न मोडलेलं.

आण्णांनी वाकून पाहिलं. ते किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. मग त्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी डावा हात डग्ग्यावरून उचलला, मांडीवर ठेवला आणि एकट्या उजव्या हातानं ठेका सुरू केला.

डग्गा वाजू लागला.

जागच्या जागी, अचूक, भरदार. हात मांडीवर आणि घुमारा छातीत. त्यांनी हात थांबवला. घुमारा आणखी एक ठोका पुढे गेला आणि मग, आपली चूक लक्षात आल्यासारखा, गप्प झाला.

राजमती आली तेव्हा ते जोडीसमोर बसलेले होते. त्यांनी कानातलं मशीन आणि कानामागची चकती काढून जमिनीवर ठेवली होती. तिनं डग्ग्यावरची पावडर पाहिली, मांडीवर पडलेला हात पाहिला, आणि भाजीची पिशवी तिच्या हातातून गळाली.

"काय वाढवत हुतीस?" त्यांनी विचारलं. मशीन काढलेलं असल्यामुळे स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. ते ओरडत होते.

ती समोर बसली आणि ओठांनी बोलू लागली. शेडमध्ये बोलायची तसं, एकेक शब्द सुटा करून. डग्ग्याचा आवाज महिन्या-महिन्यानं खाली चाललाय, हे तिला कळत होतं. तिला वाटलं, त्यांचे कान आणखी गेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून हात हलका पडतोय. घरात एवढी वर्षं जे काही बिघडलं ते कानांमुळेच बिघडलं होतं, हातांवर शंका कोण घेणार? म्हणून ती भरणी वाढवत गेली. थोडी, मग आणखी थोडी. वाढवली की त्यांचा चेहरा फुलायचा. पण डग्गा काही वाजायचा नाही. मग तिनं पट्टी पार टोकाला नेली.

"माळ्यावर जोडी टाकलासा तवाचं तुमचं तोंड मला परत बघायचं नव्हतं," तिचे ओठ म्हणाले. "म्हणून केलं."

आण्णांना तिला फाडून खावंसं वाटलं आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. त्यांनी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. राजमतीनं त्रिशलाला फोन लावला. पडद्यावर त्रिशला आधी हसत होती. मग तिनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आण्णा, दोन्ही हात समोर धरा. सरळ. डोळे मिटा," ती म्हणाली आणि राजमतीनं ते ओठांनी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा उजवा हात होता तिथंच होता. डावा हळूच खाली आला होता, त्यांना न विचारता.

"आई, आत्ताच्या आत्ता गाडी कर. मी दवाखान्यात येऊन थांबते."

डॉक्टर तरुण होते आणि फार सावकाश बोलत होते. तसं बोलणारे डॉक्टर आण्णांना कधीच आवडले नाहीत. मेंदूच्या उजव्या बाजूला बारीक गुठळ्या अडकल्या होत्या. एक मोठा झटका नव्हता, लहान लहान बरेच होते, आणि प्रत्येकानं जाताना डाव्या हातातलं थोडं थोडं नेलं होतं. आता गोळ्यांनी पुढचा मोठा झटका बहुधा टळेल. हाताचं मात्र सांगता येत नाही. व्यायाम करायचा, वाट पाहायची. आधीच दाखवलं असतं तर बरंच वाचलं असतं.

"एवढे महिने हात चालत नाही हे लक्षात कसं आलं नाही तुमच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"चालतोय असं ऐकू येत हुतं," आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी त्रिशलाकडे पाहिलं. त्रिशला खिडकीबाहेर बघत होती. त्या रात्री तिनं कंपनीला सगळं कळवलं, आणि आपल्याकडून मंद्र नेलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करायला घेतला. बापासाठी तिला आधी सुचलं नव्हतं, ते आता सगळ्यांना विचारत होती, की तुमचे हात कसे आहेत?

घरी आल्यावर आण्णांनी भरणी शून्यावर आणायला लावली. डग्गा पुन्हा पुठ्ठ्याचं खोकं झाला. पर्व सुरू झालं. बस्तीत मंडळानं नुसत्या टाळावर आणि पेटीवर भजन केलं, आणि आण्णा गेलेच नाहीत. राजमतीशी ते कामापुरतं बोलत. तीही कामापुरतं उत्तर देई. घरात कुणी आजारी असल्यावर जशी दबकी हालचाल असते तशी चालू होती, आणि आजारी कोण, हे काही केल्या ठरत नव्हतं.

पर्वातल्या एका दुपारी राजमती बस्तीत गेली आणि फोन घरीच विसरली. आण्णांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तो उचलला. पट्टी शोधायला त्यांना घाम फुटला, पण सापडली. ती त्यांनी बोटानं पार टोकाला नेली. डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं ठेका धरला.

तो आला. तोच डग्गा, चाळिशीतला. हलकी घसट, दाबून सोडलेला घुमारा, लग्गीतली ती उनाड उडी. एकेक जागा त्यांच्या ओळखीची होती. हा त्यांचाच हात होता, कुणा दुसऱ्याचा नव्हे. फक्त तो आता कॅसेटमध्ये राहत होता. कुणाला कळणार नव्हतं. रोज दार लावून बसलं आणि हे ऐकलं तर कुणाचं काय जाणार होतं? गोळ्या चालूच होत्या. आण्णा वाजवत राहिले, आणि सुख इतकं होतं की त्यांना भीती वाटायला लागली. कारण मांडीवरच्या हातानं या सगळ्या वेळात साधी बोटंही हलवली नव्हती. त्याची कुणाला गरजच उरली नव्हती.

त्यांनी पट्टी खाली ओढली आणि फोन होता तिथं ठेवून दिला.

पर्व संपल्यावर क्षमावणी आली. त्या दिवशी सगळे एकमेकांना हात जोडून उत्तम क्षमा म्हणतात. शेजारी, सासूसुना, वर्षभर कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा. बऱ्याचदा ते नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं जातं. आदगोंडा मास्तर सकाळीच आले, उंबऱ्यातच उभे राहिले. "भूपाल, तुझ्या तोंडावर सांगायला पायजे हुतं रं मी. पाणी पीत बसलो. क्षमा कर." एवढं बोलून त्यांनी खरोखरच पाणी मागितलं. आण्णांना हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

मास्तर गेल्यावर राजमती समोर आली. तिनं हात जोडले. "उत्तम क्षमा," ती म्हणाली.

आण्णांनी उजव्या हातानं डावा उचलला आणि दोन्ही कसेबसे जोडले. "उत्तम क्षमा. पर तेवढ्यानं भागायचं न्हाई. माजं कान गेलं, आता हातबी गेला. मला खरं सांगायला तू एकटीच ऱ्हायलीस. वाजला न्हाई तर वाजला न्हाई म्हनायचं. मी कसंबी तोंड केलं तरी."

तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी व्यायामाचा चेंडू दाबून झाला की आण्णा डग्ग्यासमोर बसायचे. डग्ग्यावर पावडर शिंपडायची, मशीन काढून ठेवायचं, कारण त्याची ती टकटक ऐकण्यापेक्षा काहीच नको. हात उचलायचा आणि टाकायचा. मग समोर बसलेल्या राजमतीच्या ओठांकडे बघायचं.

"न्हाई," ओठ म्हणायचे.

आण्णा खाली पाहायचे. पावडरीवर नुसता डाग. बरोबर.

"न्हाई."

"न्हाई."

पहिले काही दिवस तिचे डोळे भरून यायचे. मग तीही निर्ढावली. बाजारातल्या भाजीला नावं ठेवावीत तसं सांगू लागली. न्हाई, बोट आडवं पडलं. न्हाई, तळवा उचला. न्हाई, काय ते, माशी बसली काय? आण्णा तिला शिव्या द्यायचे आणि पुन्हा हात उचलायचे. पेठेतल्या बायकांना वाटायचं, म्हातारा-म्हातारीचं सकाळी सकाळी बिनसतंय.

थंडी पडली. एका सकाळी बसल्यावर आण्णांनी पावडरीचा डबा उपडा केला, तर त्यातून काहीच पडलं नाही. काल संपली होती. "आणते," म्हणून राजमती उठू लागली, पण त्यांनी तिला बसायला खुणावलं. हात गरम झाला होता, आत्ता थांबलं तर पुन्हा थंड पडेल. डग्ग्याची पुडी काळी आणि कोरी होती.

त्यांनी हात उचलला. टाकला. मग लगेच पुढच्या बोटानं दुसरा ठोका. अंगठ्याशी काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, पण वाटण्यावर विसंबायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांनी वर पाहिलं.

"वाजला," राजमतीचे ओठ म्हणाले.

हेच ती तेव्हा म्हणत होती. छान वाजतोय की ओ. त्यांनी झटकन खाली पाहिलं, पण खाली काही नव्हतं. पावडर नव्हती, डाग नव्हता, ठसा नव्हता. नुसती काळी पुडी. इतके दिवस ती खरं बोलली, आणि आज पुराव्याला काही नाही तेव्हा दया आली का तिला? त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं त्यांना काहीही वाचता येईना.

मग तिचे ओठ पुन्हा हलले. शेडमध्ये हलायचे तसे, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"पयला वाजला. दुसरा न्हाई. बोट नुसतं टेकलं तुमचं. आळशी झालंय ते."

आण्णांनी श्वास सोडला. दुसरा वाजला नाही, म्हणजे पहिला खरंच वाजला होता.

"परत," ते म्हणाले, आणि त्यांनी हात उचलला.